दिसतंय तोवरच दाखवा



आज मी एका वाक्याविषयी बोलणार आहे. मधुमेह असलेल्या कुणालाही विचारा, "डोळे दाखवले का?" तो हमखास म्हणणार, "अहो, मला सगळं नीट दिसतंय की! डोळे कशाला दाखवू?" वाक्य साधं आहे, सरळ आहे आणि ऐकणाऱ्याला पटतंही. न दुखणारा दात घेऊन कुणी डॉक्टरकडे जात नाही, मग दिसणारा डोळा घेऊन का जायचं? पण मधुमेहाच्या बाबतीत हिशेब अगदी उलटा आहे. ज्याला नीट दिसतंय त्यानंच डोळे दाखवायचे असतात. दिसेनासं झाल्यावर गेलं, तर डॉक्टरांच्या हातात फार थोडं उरलेलं असतं.

मी डॉक्टर नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. मला स्वतःला मधुमेह होऊन बारा वर्षं झाली. वर्षातून एकदा मी डोळ्यांचा पडदा तपासून घेतो. या बारा वर्षांत डॉक्टरांना विचारून, वाचून आणि आसपास पाहून जे समजलं, ते तुमच्यापुढे ठेवतो. औषध कुठलं आणि किती, हे मात्र ज्याचं त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे आता एखादी गल्ली, एखादी वाडी अशी सापडायची नाही, जिथं एकाही घरी शुगरची गोळी नाही. दुसरी पाहणी खास डोळ्यांची आहे. दिल्लीच्या 'एम्स'मधल्या डॉ. राजेंद्रप्रसाद नेत्रविज्ञान केंद्रानं २०१५ ते २०१९ या काळात केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या वरच्या मधुमेहींचे डोळे तपासले. त्यांतल्या १६.९ टक्के लोकांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाची खूण सापडली. साधारण दर सहा जणांत एक. लग्नाच्या पंगतीत गोड नाकारणारे सहा जण शेजारी शेजारी बसले असतील, तर त्यांतला एक जण. आणि तो एक कोण, हे त्या सहाही जणांना ठाऊक नसतं.

का ठाऊक नसतं? ते समजून घ्यायचं तर डोळ्याच्या आत डोकवावं लागेल.

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक पातळ अस्तर असतं. त्याला पुस्तकात दृष्टिपटल म्हणतात. आपण बोलताना डोळ्याचा पडदा म्हणतो. समोरचं चित्र या पडद्यावर उमटतं आणि तिथून मेंदूकडे जातं. या पडद्याला अखंड रक्तपुरवठा लागतो, आणि तो करणाऱ्या शेवटच्या रक्तवाहिन्या केसाहूनही बारीक असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, की या बारीक वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. नगरपालिकेच्या जुन्या पाइपलाइनचं जे होतं, तेच इथं होतं. आधी जागोजागी बारीक फुगे येतात. मग ते झिरपू लागतात. रक्ताचे ठिपके पडतात, पाणी साचतं, चरबीचे पिवळसर डाग उठतात. या सगळ्याला डॉक्टर 'डायबेटिक रेटिनोपथी' म्हणतात.

पुढं काही वाहिन्या बुजून जातात. पडद्याच्या ज्या भागाला रक्त मिळत नाही, तो उपाशी भाग रसायनांच्या भाषेत आरोळी ठोकतो आणि त्या आरोळीनं नव्या वाहिन्या फुटू लागतात. वाटतं, बरं झालं, शरीरानं पर्याय काढला. पण या नव्या वाहिन्या घाईत बांधलेल्या भिंतीसारख्या कच्च्या असतात. त्या केव्हाही फुटतात आणि डोळ्याच्या आतल्या पारदर्शक गरात रक्त पसरतं. त्यांच्यासोबत वाढलेले तंतू आकसले, की पडदाच आपल्या जागेवरून ओढला जातो. काही वेळा या नव्या वाहिन्या डोळ्याच्या पुढच्या भागातही पसरतात आणि एक चिवट प्रकारचा काचबिंदू होतो.

आता मुख्य गोष्ट. यातलं बरंचसं घडत असताना माणसाला काहीही जाणवत नाही. पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून डोळा दुखत नाही. डोळा लाल होत नाही. बारीक अक्षर वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही कामं पडद्याच्या मधोमध असलेला एक लहानसा ठिपका करतो. त्याला पीतबिंदू म्हणतात. तो शाबूत असेल, तर आजूबाजूला बरीच पडझड होऊनही माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचतो. शिवाय डोळे दोन आहेत. एक मंदावला तर दुसरा त्याचं काम मुकाट्यानं ओढतो. एकत्र कुटुंबात एखादा भाऊ आजारी पडला तर दुसरा शेत सांभाळतो आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही, तसं.

माझे एक चाचा शिंपी होते. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी त्यांचं दुकान होतं. कुर्ता-पायजमा आणि शेरवानी यांत त्यांचा हात धरणारा त्या पेठेत कुणी नव्हता. शुगर निघून त्यांना नऊ वर्षं झाली होती. गोळ्या ते नियमानं घ्यायचे. ज्या डॉक्टरांकडे जायचे, त्यांनी या नऊ वर्षांत पाय पाहिले, रक्त पाहिलं. डोळ्यांचा विषय एकदाही निघाला नव्हता. घरातल्या कुणी काढलाच, तर चाचांचं उत्तर तयार असे, "सुई में धागा डालतूं की मैं अब्बी! मेरे कू सब दिखताय." आमच्या दखनी बोलीतलं ते उत्तर ऐकून सगळे गप्प बसत. चष्म्याविना सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाशी डोळ्यांबद्दल वाद कोण घालणार?

ईदच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे शिंप्याचा हंगाम. त्या वर्षीही कपड्यांचे ढीग लागले होते. एका संध्याकाळी चाचा पांढऱ्या कुर्त्यावर बोटं फिरवत होते. कापडावर काळा दोरा पडलाय, असं त्यांना दिसत होतं, पण तो हाताला लागेना. त्यांनी कापड झटकलं, उलटं केलं, दिव्याखाली धरलं. दोरा हलायचा, पण निघायचा नाही. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं, तर दोरा भिंतीवर होता. तो डोळ्याच्या आत उतरलेल्या रक्ताचा धागा होता. दोन दिवसांत त्या डोळ्यापुढं तांबडं-काळं धुकं पसरलं. मोठ्या शहरात नेल्यावर डॉक्टरांनी दुसरा डोळा झाकून पाहायला सांगितलं, आणि कळलं की ज्याला ते चांगला समजत होते, त्या डोळ्याच्या पीतबिंदूवरही सूज आलेली होती.

उपचार झाले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण फारसं दिसलं नाही. दुसऱ्या डोळ्याला लेझर आणि इंजेक्शनं दिल्यावर उरलं होतं ते टिकलं. मशिदीपर्यंत ते एकटे जाऊ शकत, माणसं ओळखू शकत. दुकान मात्र गेलं. मशीन विकलं त्या दिवशी ते मला म्हणाले, "बेटा, हात अब्बी बी वोइच हैं." हातातली कला शाबूत होती, तिला वाट दाखवणारा दिवा विझला होता. श्रोतेहो, मधुमेहानं जाणारी नजर ही पुष्कळदा अशा कमावत्या वयातच जाते. ती जाते तेव्हा एका माणसाची नजर जात नाही, एका घराचा पगार जातो.

हे टाळता येतं का? येतं. म्हणूनच हे भाषण. त्यासाठी आधी ही तपासणी म्हणजे नेमकं काय, ते पाहू. कारण पुष्कळ लोकांचा इथं घोटाळा होतो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. शिबिरात बॅटरी मारून मोतीबिंदू आहे की नाही पाहतात, तीही नव्हे. पडद्याची तपासणी म्हणजे डोळ्याच्या बाहुलीतून आत प्रकाश टाकून मागची भिंत पाहायची. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं डोळ्यात डोकावण्याचं साधं उपकरण जगापुढं मांडलं, तेव्हापासून जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या कुठलीही चिरफाड न करता थेट पाहता येऊ लागल्या. अशी उघडी खिडकी शरीरात दुसरीकडे नाही.

आधी अक्षरांचा तक्ता वाचून घेतात. मग डोळ्यात थेंब घालतात. त्यानं बाहुली मोठी होते. त्याला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो. मग डॉक्टर भिंगातून पाहतात किंवा खास कॅमेऱ्यानं पडद्याचा फोटो काढतात. काही कॅमेरे थेंबांशिवायही फोटो काढतात. पीतबिंदूवर सूज असल्याची शंका आली, तर ओसीटी नावाची चाचणी करतात. तीत पडद्याचे थर कापलेल्या पोळीच्या पदरांसारखे वेगवेगळे दिसतात. कशातच सुई नाही, वेदना नाही. थेंब थोडे झोंबतात, एवढंच. नंतर काही तास जवळचं अंधुक दिसतं आणि उजेड सहन होत नाही. म्हणून जाताना सोबत कुणाला तरी न्यावं, काळा चष्मा ठेवावा आणि परतताना मोटारसायकल स्वतः चालवू नये. आपल्याला काचबिंदू असेल किंवा डोळ्यांचं काही जुनं दुखणं असेल, तर थेंब घालण्यापूर्वी तसं सांगावं.

कधी तपासायचं? मोठेपणी होणारा, आपल्याकडे सर्रास आढळणारा मधुमेह, ज्याला टाइप २ म्हणतात, तो असेल तर शुगर निघाली की लगेच. 'आत्ता तर कळलं, एवढ्यात डोळे कशाला?' असं म्हणू नका. कळलं आत्ता, पण साखर रक्तात कितीतरी वर्षं मुक्कामाला असते. काहींच्या डोळ्यांत पहिल्याच दिवशी खुणा सापडतात. त्यानंतर दरवर्षी एकदा. लहानपणी किंवा तरुणपणी होणारा आणि पहिल्यापासून इन्सुलिन लागणारा टाइप १ असेल, तर सुरुवातीच्या पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी आणि मग दरवर्षी. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले, तर पहिल्या तीन महिन्यांतच डोळे तपासायला हवेत. कारण गरोदरपणात हा आजार झपाट्यानं वाढू शकतो. पडद्यावर काही निघालं, तर डॉक्टर वर्षाची वाट न पाहता तीन-सहा महिन्यांनी बोलावतात, तेव्हा जावंच.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. साखर पुष्कळ दिवस खूप वाढलेली आहे आणि आता डॉक्टर इन्सुलिन किंवा दुसरं जोरकस औषध सुरू करणार आहेत, असं असेल तर त्याआधी डोळे तपासून घ्यावेत. पडद्यावर आधीच आजार असेल, तर साखर एकदम खाली आल्यावर काहींच्या बाबतीत तो काही काळ बळावतो. याचा अर्थ साखर खाली आणू नये असा नाही. आणायचीच, पण डोळ्यांवर पहारा ठेवून.

समजा, तपासणीत काही निघालं. लोक या भीतीनंच जात नाहीत. पण सुरुवातीच्या खुणांना बहुतेक वेळा डोळ्याचं कुठलंच औषध लागत नाही. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवायचं, तंबाखू-विडी सोडायची, रक्तक्षय आणि मूत्रपिंड यांच्याकडे लक्ष द्यायचं. हे बोलणं पोकळ नाही. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. टाइप १ मधुमेह असलेल्या, पण डोळ्यात अजून काही नसलेल्या लोकांनी साखर काटेकोर सांभाळली, तेव्हा पडद्याचा आजार सुरू होण्याची जोखीम ७६ टक्क्यांनी घटली. ब्रिटनमधल्या अभ्यासानं १९९८ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या बाबतीतही साखर आणि रक्तदाब या दोहोंचं महत्त्व सिद्ध केलं.

आजार पुढं गेलेला असेल, तर लेझर आहे. पडद्याच्या कडेच्या उपाशी भागावर प्रकाशाचे बारीक डाग देतात, म्हणजे त्याची आरोळी थांबते आणि कच्च्या वाहिन्या सुकतात. या उपचारानं नजर पार जाण्याची जोखीम निम्म्याहून कमी होते, हे १९७६ सालीच सिद्ध झालं. पीतबिंदूच्या सुजेवर आता डोळ्याच्या आत इंजेक्शन देतात. नुसत्या कल्पनेनं अंगावर काटा येतो, पण डोळा बधिर करून काही क्षणांत ते काम होतं. ती इंजेक्शनं एकापेक्षा जास्त वेळा घ्यावी लागतात आणि काही फार महाग असतात. डोळ्यात रक्त साचून राहिलं किंवा पडदा ओढला गेला, तर ऑपरेशन करावं लागतं. म्हणजे पाहा, जितका उशीर तितका खर्च मोठा आणि पदरात पडणारं थोडं. लेझर असो की ऑपरेशन, उरलेलं वाचवणं हे त्याचं मुख्य काम. गेलेलं सगळं परत आणून देण्याची हमी कुणी देत नाही.

नियमित तपासणीनं खरंच फरक पडतो का, असं कुणी विचारलं तर दोन देशांकडे बोट दाखवता येईल. आइसलँड हा आपल्या एखाद्या तालुक्याएवढ्या लोकसंख्येचा देश. तिथं १९८० पासून मधुमेही लोकांचे डोळे पद्धतशीर तपासायला लागले, आणि मधुमेहानं येणारं अंधत्व तिथं दुर्मिळ झालं. इंग्लंडमध्ये २००३ पासून बारा वर्षांवरील प्रत्येक मधुमेहीसाठी पडद्याच्या फोटोची योजना टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. पुढं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की इंग्लंड आणि वेल्समध्ये कमावत्या वयातल्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेहाचं नेत्रपटल पहिल्या क्रमांकावर राहिलेलं नव्हतं. पाच दशकांत पहिल्यांदाच. ज्यांचे डोळे लागोपाठ दोनदा स्वच्छ निघतात, त्यांना तिथं २०२३ पासून दोन वर्षांनी बोलावू लागले. आपल्याकडे मात्र असा निर्णय आपला आपण घ्यायचा नाही. डॉक्टर म्हणतील तेव्हाच.

त्या देशांनी अशी कुठली जादू केली? माझ्या समजुतीप्रमाणे तिथलं सगळ्यात मोठं औषध म्हणजे एक पत्र. मधुमेह असलेल्याच्या घरी पत्र येतं: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी या, डोळ्यांचा फोटो काढायचा आहे. माणसाच्या लक्षात राहण्यावर काही सोडलेलं नसतं. आपल्या दारात असं पत्र अजून येत नाही. तोवर ते आपणच आपल्याला लिहायला हवं. एक दिवस ठरवून टाका. कुणी वाढदिवस धरावा. कुणी १४ नोव्हेंबर धरावा. तो जागतिक मधुमेह दिन आहे, इन्सुलिनच्या शोधातल्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. वारकऱ्यानं वारीला निघण्यापूर्वी पाय आणि डोळे दोन्ही दाखवून घ्यावेत.

आणि माझ्या मुसलमान बंधूभगिनींना सांगेन, शाबानचा महिना धरा. रमजानमध्ये रोजे ठेवायचे तर गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा बदलण्यासाठी डॉक्टरांकडे जावंच लागतं. त्याच फेरीत डोळे दाखवा. आपलं चांद्र वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणजे दर शाबानात तपासणी केली, तर वर्ष उलटण्याच्या आतच ती होते. एक शंका मला नेहमी विचारतात, डोळ्यात थेंब घातले तर रोजा मोडतो का? बहुतेक उलेमांच्या मते डोळ्यातल्या थेंबांनी रोजा मोडत नाही. तरी मनात किंतु असेल त्यानं आपल्या इमामसाहेबांना विचारावं, किंवा सरळ शाबानातच काम उरकावं. रोज्याच्या नावाखाली तपासणी मात्र पुढं ढकलू नये.

आता थोडं घरातल्या बायकांविषयी. घरातल्या कर्त्या पुरुषाची तपासणी होते, कारण त्याला कामावर जायचं असतं. आईला, सासूला विचारलं तर ती म्हणते, "मला कुठं वाचायचंय? तांदळातले खडे दिसतात, बास झालं." थेंब घातल्यावर सोबत कुणी लागतं, आणि सोबत जायला कुणाला सुट्टी नसते. म्हणून तिचा डोळा राहतो. माझी विनंती अशी, की घरात दोघांना मधुमेह असेल, तर दोन वेगवेगळे दिवस ठरवा आणि एकमेकांचे सोबती व्हा. तिकीट तेवढंच लागेल, आणि राहून जाणारं माणूस राहणार नाही.

घरगुती उपायांचंही बोललं पाहिजे. मध, गुलाबपाणी, सुरमा, कुठल्याशा झाडाचा चीक, लोक डोळ्यात काय काय घालतात. आपल्या भाषेत डोळ्यात तेल घालून जपावं असा वाक्प्रचार आहे, पण तो जागं राहण्याविषयी आहे. खरंच तेल घालायला सांगणारा नाही. आजार डोळ्याच्या मागच्या भिंतीवर आहे. पुढच्या दारात काहीही ओतलं, तरी ते तिथवर पोचत नाही. उलट जखम मात्र होऊ शकते. तसंच चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल, तर दर वेळी नवा चष्मा करत बसू नका. साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंगही बदलतं. आधी साखर स्थिर करा, पडदा तपासा, मग नंबर काढा.

जायचं कुठं? शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, जिल्हा रुग्णालयं आणि अनेक धर्मादाय नेत्र रुग्णालयं इथं पडद्याची तपासणी होते. गावच्या आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील लोकांचा रक्तदाब आणि साखर तपासतात. तिथं साखर निघाली, की 'डोळ्यांचा पडदा कुठं दाखवू?' हा प्रश्न तुम्ही आपणहून विचारा. तंत्रही जवळ येत चाललं आहे. मुंबईच्या महापालिका दवाखान्यांत मोबाइल फोनवरच्या कॅमेऱ्यानं पडद्याचे फोटो काढून, इंटरनेटशिवाय त्याच फोनमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून ते तपासण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले आणि ते आशादायक होते. अशी सोय उद्या गावोगाव पोचली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांची वाट न पाहता निदान चाळणी तरी लागेल. पण यंत्र कितीही हुशार असो, त्याच्यापुढं हनुवटी टेकायला माणसानं स्वतःच जावं लागतं.

काही खुणा अशा आहेत, की त्या दिसल्या तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नये. एकाएकी काळे धागे, ठिपके तरंगू लागणं, पडदा ओढल्यासारखं वाटणं, दाराची सरळ चौकट वाकडी दिसणं, एका डोळ्यानं कमी दिसणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घरी एक सवय लावून घ्या. आठवड्यातून एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून एक डोळा तळहातानं झाका आणि तारखा वाचा; मग दुसरा झाका. एका डोळ्याचं दुखणं दुसरा लपवतो, ती लपवाछपवी यानं उघडी पडते. मात्र ही तपासणीची जागा घेणारी गोष्ट नाही. तारखा स्वच्छ वाचता आल्या, तरी वर्षाची तपासणी चुकवायची नाही.

आम्ही कवी मंडळी डोळ्यांवर फार लिहितो. नजर, कटाक्ष, आसवं. शब्दांची कमतरता नाही. पण वय वाढलं तसं मला कळत गेलं, की डोळ्यांची खरी थोरवी त्या सौंदर्यात नाही, रोजच्या साध्या कामांत आहे. बसची पाटी वाचणं, गोळीच्या पाकिटावरची तारीख पाहणं, दुधात माशी पडली आहे का ते दिसणं, नातवाचा दात पडलेला दिसणं. ही कामं दुसऱ्याला सांगावी लागली, की माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो.

आता हे भाषण संपल्यावर एक काम करा. तुमच्या घरी, शेजारी, कचेरीत, तालमीत, भजनी मंडळात, मशिदीच्या सफेत जो कुणी शुगरची गोळी घेतो, त्याला विचारा, "डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला?" नंबर नव्हे, पडदा. तो म्हणेल, "मला तर नीट दिसतंय." तेव्हा त्याला एवढंच सांगा, "म्हणूनच विचारतोय. चल, मी येतो सोबत."



(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)